अलोनिसोसच्या काकूंना, पायातल्या काट्यांबद्दल

प्रिय काकू,

तुम्हाला मराठी येत नाही आणि मला ग्रीकमधलं 'एफखारिस्तो', म्हणजे धन्यवाद, सोडून फार काही येत नाही, तरी मराठीतच लिहितोय, कारण इंग्लिशमध्ये आभार मानायला गेलं की ते हॉटेलच्या रिव्ह्यूसारखं वाटायला लागतं. नातवाला सांगा फोनमध्ये टाकून वाचून दाखव म्हणून. कुठे काही भलतंच ऐकू आलं तर चूक मशीनची.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं सांगतो. माझी बायको होमिओपॅथ, आणि जॉर्ज विथूल्कस या ग्रीक होमिओपॅथची अकॅडमी ग्रीसमधल्या या अलोनिसोस बेटावर आहे, १९९५ पासूनची. तिला तिथे कोर्स करायचा होता आणि मी आपला सोबत गेलो, बॅगा उचलायला. बेटावर विमानतळ नाही, स्कियाथोसला उतरायचं आणि पुढे बोट. पातितिरी नावाच्या बंदरात उतरलो, तिथे काकूंच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली होती. सप्टेंबर होता, गर्दी ओसरलेली, खाली पाणी इतकं स्वच्छ की बोटीची सावली तळाला दिसते. बायको सकाळी लेक्चरला गेली की मी दिवसभर मोकळा, आणि मोकळा माणूस काय उद्योग करेल सांगता येत नाही.

मला सील बघायचा होता. मंक सील. जगातल्या सगळ्यात दुर्मिळ सागरी सस्तन प्राण्यांपैकी एक, अडीच मीटरच्या आसपास लांब, तीनशे किलोपर्यंत वजन, आणि त्याच्यासाठीच १९९२ मध्ये या बेटांभोवतीचं सगळं पाणी नॅशनल मरीन पार्क झालं. बोटवाल्याला विचारलं, जवळच्या एखाद्या गुहेपाशी नेशील का, जास्तीचे पैसे देतो. तो नुसता हसला आणि मान मागे टाकून 'च्' केलं, म्हणजे नाही. पार्कमधल्या पिपेरी बेटाला तर तीन सागरी मैलांच्या आत परवान्याशिवाय कोणालाच जाता येत नाही. मला राग आला, खरं सांगतो. एवढ्या लांबून आलोय, लांबूनच बघणार होतो, काय बिघडलं असतं?

मग दुसऱ्या दिवशी मी एकटाच निघालो, किनाऱ्याच्या खडकांवरून चढत-उतरत एका कपारीकडे, कारण कोणीतरी म्हणालं होतं की तिकडे कधीतरी डोकं वर काढतो म्हणे. चपला हातात घेतल्या कारण घसरत होत्या (हे शहाणपण माझंच), गुडघाभर पाण्यात उतरलो आणि पाय नेमका काळ्या काटेरी गोळ्यावर. इंग्लिशमध्ये सी अर्चिन, तुम्ही त्याला अहिनोस म्हणता. आई गं, असं कळवळलो की सील असता तर तुर्कस्तानला गेला असता.

लंगडत घरी आलो तेव्हा तुम्ही अंगणात भेंडी निवडत बसला होतात. पाय बघितलात, 'पो पो पो' म्हणालात, आणि आधी खुर्ची दिलीत, मग पाणी, मग विचारलंत कुठे गेला होतास. मी सांगितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही काहीच बोलला नाहीत, ऑलिव्ह ऑइल आणलंत, टाचेवर चोळलंत, सुई गॅसवर धरलीत आणि चष्मा लावून एकेक काटा काढायला बसलात. मी पाय ओढला की 'सिगा, सिगा', हळू, हळू. पाऊण तास तरी गेला असेल. माझ्या सख्ख्या आईने एवढ्या वेळात मला चार वेळा गाढव म्हटलं असतं.

आणि काटे काढता काढता मोडक्या इंग्लिशमध्ये तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र. तुमचे वडील मच्छीमार, सील जाळी फाडायचा, मासे पळवायचा, मग बंदूक निघायची, तेव्हा ते सगळीकडेच चालायचं. पूर्वी म्हणे ही जनावरं उघड्या वाळूवर पिल्लं घालायची, माणसाने इतका त्रास दिला की गुहेत जाऊन लपली, जिथे कधीकधी दारच पाण्याखाली असतं. पिल्लं घालायचा काळ कोणता, तर हाच, सप्टेंबर ते नोव्हेंबर. 'तू दार वाजवायला गेलास, आत बाळंतीण आहे', असं तुम्ही म्हणालात. म्हणजे तुमचे शब्द 'मामा, बेबी, नो नॉक नॉक' एवढेच होते, पण मला ते असंच ऐकू आलं.

काकू, मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने, ते तेव्हा सांगितलं नाही. माझं गाव कोकणात, वेळासजवळ. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, गावातलेच लोक ती राखतात, आणि पिल्लं समुद्राकडे सोडतात तेव्हा मुंबई-पुण्याची माणसं मोबाईल घेऊन दोरीच्या आत घुसतात. त्यांच्यावर ओरडणाऱ्यांत मी पहिला असतो. 'जरा लांबून बघितलं तर काय बिघडतं का' हे माझं ठरलेलं वाक्य, आणि इथे येऊन मीच दोरीच्या आत.

बाकी आभार घाईत उरकतो. लंगडत होतो म्हणून स्वतःच्या गाडीतून वरच्या जुन्या गावात नेलंत, १९६५ च्या भूकंपानंतर सगळ्यांना खाली यायला लागलं ते सांगताना तुमचं घर कुठलं ते दाखवलंत, आता तिथे दुसऱ्याच कोणाचे पडदे आहेत. बायको शाकाहारी म्हणून रोज काहीतरी करून ठेवायचात. ती चकलीसारखी गोल गुंडाळून तळलेली तिरोपिता, आतलं चीज वितळलेलं, तिच्यासाठी बायको अजून हळहळते. वारा सुटून बोटी बंद झाल्या त्या जादाच्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत, त्यावरून आपलं भांडण झालं ते मी हरलो.

सील दिसला नाही. शेवटच्या संध्याकाळी कड्यावर ससाणे मात्र दिसले, एलिओनोरा जातीचे, समुद्रावरून येणारे स्थलांतरित पक्षी धरायला थांबलेले, ते तुम्हीच दाखवलेत, अंगणातूनच.

पार्सलमध्ये कोकम आगळ पाठवतोय. पाणी आणि थोडी साखर, वाईनसारखं तसंच पिऊ नका. आणि एक काटा आत राहिलाय, टाचेत काळा ठिपका दिसतो. बायको सिलिशियाच्या गोळ्या देऊ का म्हणून मागे लागली आहे, मी म्हटलं राहू दे.

तुमचा,
वरच्या खोलीतला लंगडा पाहुणा