व्हाइट सेज लावा म्हणता, पण मुंबईतल्या जुलैचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बाल्कनीतल्या बागेवर जे पान होतं त्यात ‘व्हाइट सेज घरी लावा, वास मस्त, निगेटिव्ह एनर्जी जाते’ असं दोन ओळीत लिहून तुम्ही मोकळे झालात. एनर्जीचं मला काही कळत नाही, पण हे झाड मी मुलुंडच्या घरी तीनदा मारलंय, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितोय.

मुलगी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला असते. तिच्याकडे एकदा मे महिन्यात राहिलो होतो, तेव्हा सकाळी फिरायला निघालं की दर दोन-चार घरांपुढे हे झुडूप दिसायचं. आपल्याकडे साल्विया म्हटलं की पार्कातल्या वाफ्यातली थंडीतली लालभडक फुलं आठवतात, ती मूळची ब्राझीलची, हा त्याचाच भाऊबंद पण रंगरूप एकदम वेगळं. पान राख फासल्यासारखं पांढुरकं, खोड तुळशीसारखं चौकोनी (घराणंच एक आहे), आणि पान चुरगळलं की कापूर आणि निलगिरी एकत्र केल्यासारखा वास, हात साबणाने धुतले तरी जेवताना येतोच. फुलाची गंमत मी उभा राहून बघायचो. खालची पाकळी वर वळलेली असते, दार ओढून घेतल्यासारखी, साध्या माशीला दाद देत नाही, आपल्याकडे असतो तसा जाड काळा भुंगा येऊन बसला की त्याच्या वजनाने ती खाली जाते आणि मग त्याच्या अंगाला पराग लागतो. नेटवर बघितलं तर नावच साल्विया एपियाना, म्हणजे मधमाश्यांचा.

शेजारच्या आजोबांनी सांगितलं होतं की हे लावायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, थंडीतल्या पावसाच्या आधी, कारण तिकडे पाऊस थंडीत पडतो, आणि एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यात पाणी घालायचंच नाही, खत तर नाहीच नाही. मला वाटलं म्हातारा पाणीपट्टी वाचवतोय.

परत आल्यावर ऑनलाइन बी मागवलं, नोव्हेंबरात पेरलं, शेणखत घातलं (पहिली चूक), रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी (दुसरी). तरी एप्रिलपर्यंत चार रोपं वीतभर झाली. जूनमध्ये पाऊस लागला तशी कुंडी आत घेतली, पण हवेचं काय करणार, जुलैत कपडे वाळत नाहीत तिथे हे बिचारं काय वाळणार. खालची पानं काळी पडली, मग एक दिवस सहज हात लावला तर अख्खं रोप भिजलेल्या वातीसारखं मातीतून वर आलं, मूळ नाहीच. पुढच्या वर्षी निम्मी वाळू घातली, त्याच्या पुढच्या वर्षी वर प्लॅस्टिक लावलं, तर प्लॅस्टिकखाली बुरशी. बायको म्हणाली आता याचं बारावं घाला.

आणि यात झाडाची काहीच चूक नाही हो. सॅन डिएगोला वर्षभराचा पाऊस साधारण २५० मिमी. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता, म्हणजे त्यांचा साडेतीन वर्षांपेक्षा जास्तीचा पाऊस आपण एका दिवसात बघितलाय. हे झाड मुळात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या बाहाच्या कोरड्या टेकड्यांवरचं, त्याला आपण मुलुंडच्या ग्रिलमध्ये कशाला कोंबायचं?

ज्यांना उगवायचं नाही ते घरात धुरी द्यायला याच्या वाळलेल्या पानांची जुडी विकत आणतात. मी एका मॉलमध्ये बघितली, बोटभर जाडीची, दोरा गुंडाळलेली, साडेचारशे रुपये. तिकडच्या चुमाश, कुमियाय, काहुइया या मूळ लोकांची ही पूजेतली, औषधातली वनस्पती आहे, आणि जगभर जुड्या खपायला लागल्यापासून लोक डोंगरावरनं ती ओरबाडून नेतात. तिकडच्याच रांचो कुकामोंगा शहराजवळच्या नॉर्थ एटिवांडाच्या राखीव भागात तर पोती भरभरून चोरताना लोक पकडले गेलेत. ज्याने आपल्या घरातली नजर जावी म्हणून आपण ती जाळतो, ती दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातून उचललेली असू शकते, एवढं तरी माहीत असावं. आमची आई शनिवारी संध्याकाळी धुपाटण्यात निखारे घालून ऊद टाकायची, घर तेवढ्यावर शुद्ध व्हायचं.

मग मुंबईत लावायचं काय? माझं म्हणणं, दवणा. कॅलिफोर्नियातच सेजब्रश म्हणून आणखी एक वासाचं झुडूप आहे, ते नावालाच सेज, खरं तर आर्टेमिसिया या वेगळ्याच कुळातलं, आणि आपला दवणा याच कुळातला, दक्षिण भारतातला अगदी घरचा. चैत्रात जोतिबाला वाहतात तो. दादरच्या फूलमार्केटात जुडी मिळते, गजऱ्यात दोन काड्या घातल्या की मोगऱ्याचा वास बदलून जातो. एकाच हंगामाचं रोप, त्यामुळे पावसाळ्याचं टेन्शनच नाही, ऑक्टोबरचा पाऊस सरला की बी टाकायचं. बी एवढं बारीक की फुंकर मारली तर उडेल, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून वरच्यावर पसरायचं, मातीत पुरायचं नाही. फेब्रुवारी-मार्चपर्यंत करड्या हिरव्या पानांचं नाजूक रोप तयार. मी गेल्या वर्षी दोन कुंड्या केल्या, एक कबुतरांनी बसून सपाट केली, दुसरीतला दवणा चैत्रात देवाला वाहिला आणि उरलेला कपड्यांच्या कपाटात गेला.

सोसायटीत जमिनीवर जागा असेल त्यांनी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात थंडीत फुलणारी पांगळी नावाची वनस्पती बघून यावी. तीही तुळशीच्याच घराण्यातली, अत्तरात वापरतात त्या पॅचोलीची सख्खी चुलत, तुरे आले की माश्यांची नुसती झुंबड असते. पार्कातनं उपटून मात्र आणू नका, नाहीतर मी वर जे लिहिलं तेच आपण इकडे करू.

तेव्हा एक विनंती, बागेच्या पानावर कुठल्याही झाडाखाली ते मूळ कुठलं आणि तिथे पाऊस कधी पडतो एवढी एक ओळ छापत जा. आणि दवण्यावर सविस्तर लिहिणार असाल तर दिवाळीच्या आधी लिहा, नंतर छापून उपयोग नाही, पेरणी निघून गेलेली असते.

आपला,
एक जुना वाचक, मुलुंड (पूर्व)