पंडिता रमाबाईंची साक्ष लेखातून का वगळली?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील पंडिता रमाबाईंवरचा लेख वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे, म्हणून आज सकाळी पहिले काम हे पत्र लिहिण्याचे करीत आहे. लेखाचा पाऊण भाग धर्मांतर आणि त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेवरून उठलेले वादळ यांनी व्यापला आहे, आणि स्त्रीशिक्षणाची प्रेरणा रमाबाईंना मिशनऱ्यांकडून मिळाली, या एका वाक्यात त्यांचा सगळा शिक्षणविचार आटोपला आहे. मला या वाक्याचा राग आला. रमाबाई इंग्लंडला गेल्या १८८३ साली आणि त्यांचा बाप्तिस्मा वाँटेज येथे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झाला. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती त्याच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये. आणि प्रेरणाच शोधायची तर ती घरातच सापडते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, त्याबद्दल त्यांना उडुपीला पंडितांपुढे जाब द्यावा लागला, आणि त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे तीर्थयात्रांच्या भटकंतीत आपल्या मुलीला शिकवले.

साक्ष दिली तेव्हा रमाबाई चोवीस वर्षांच्या होत्या, नवरा जाऊन वर्षही झाले नव्हते आणि पदरी लहानगी मनोरमा होती. स्त्रिया शिकाव्यात एवढेच सांगून त्या थांबल्या नाहीत; शाळा कशी चालते आणि कुठे अडते, हे त्यांनी आयोगाला सांगितले. मुलींच्या शाळांची तपासणी स्त्रियांनीच करावी, त्या तिशीच्या पुढच्या आणि चांगल्या शिकलेल्या असाव्यात, अशी त्यांची मागणी होती. त्याचे कारणही त्यांनी दिले होते. पुरुष तपासनीस वर्गात आला की मुली आणि शिक्षिका भिऊन गप्प होतात, तो शाळेविरुद्ध वाईट अहवाल लिहितो, आणि मग शिक्षिकेच्या जागी शिक्षक नेमला जातो. शंभरातले नव्व्याण्णव सुशिक्षित पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात असून बाईच्या मोहरीएवढ्या चुकीचा ते डोंगर करतात, हेही त्यांनी त्याच साक्षीत सांगितले.

हे सारे मी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा वाचले, आणि वाचता वाचता मला १९८६ सालचा माझा सातवीचा वर्ग आठवला. तपासणीला आलेल्या साहेबांनी हजेरीपट मागवला, लाल शाईच्या खुणांवर बोट ठेवले आणि एका मुलीला उभे करून विचारले, की तू दर महिन्याला तीन-चार दिवस कुठे असतेस? मुलगी रिबिनीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. साहेबांनी तोच प्रश्न आवाज चढवून पुन्हा विचारला. शाळेत मुलींसाठी आडोसाही नव्हता. त्या दिवसांत मुली घरीच थांबत, हे मला, त्या मुलीला आणि वर्गातल्या प्रत्येकीला माहीत होते. पण साहेबांबरोबर आणखी दोन पुरुष उभे होते, दारात गावातली मंडळी जमली होती, आणि तेव्हा सव्वीस वर्षांची असलेली मी ते बोलू शकले नाही. शेरेबुकात लिहिले गेले, ‘हजेरीबाबत शिक्षिका बेफिकीर. विद्यार्थिनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.’ गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आला आणि माझी वेतनवाढ एक वर्ष थांबली. जूनमध्ये तो वर्ग माझ्याकडून काढून एका गुरुजींकडे दिला. गुरुजी सज्जन होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मधल्या सुटीत टेबलाजवळ येऊन हळूच काही सांगणाऱ्या मुली त्यानंतर यायच्या बंद झाल्या, आणि ती रिबिनीवाली दिवाळीनंतर शाळेतच आली नाही.

जे रमाबाईंनी १८८२ साली क्रमाने सांगितले होते, ते एकशेचार वर्षांनी माझ्या वर्गात त्याच क्रमाने घडले. त्या दिवशी एखादी बाई तपासणीला आली असती, तर ते कारण मी तिच्या कानात सांगितले असते आणि शाळेला कदाचित चार पत्र्यांचा आडोसा मिळाला असता. म्हणूनच हा भाग लेखातून गळावा, याचे मला फार वाईट वाटले. रमाबाईंच्या धर्मांतरावर कोणी जरूर लिहावे, तो त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग आहे. परंतु शिक्षिका कशा तयार कराव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण का द्यावे, हे ज्या साक्षीत आहे ती बाजूला ठेवून त्यांच्या शिक्षणविचाराविषयी लिहिता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. लेखासोबतचे छायाचित्र पंडिता रमाबाईंचे आहे आणि त्याखाली नाव छापले आहे रमाबाई रानडे यांचे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी, सेवासदनाच्या कामात आयुष्य वेचणाऱ्या रमाबाई वेगळ्या. दोघींनीही या प्रांतातल्या बायकांसाठी अतोनात केले आहे, तेव्हा दोघींची नावे तरी नीट छापली जावीत. ही दुरुस्ती पहिल्या पानावर नको, पण पुरवणीत तेवढ्याच टंकात यावी.

आणि हंटर आयोगापुढची ती साक्ष पुढच्या रविवारी पूर्ण छापावी, अशी कळकळीची विनंती आहे. एक पान पुरेल. माझ्यासोबत काम केलेल्या आणि आज सत्तरीला टेकलेल्या अनेक शिक्षिका तुमचे दैनिक रोज वाचतात. त्यांच्यापैकी कित्येकींच्या सेवापुस्तकात माझ्यासारखाच एखादा शेरा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. दौंड, जि. पुणे