माळरानाच्या अभ्यासालाही निधी हवा

माळरानांवरील वृक्षलागवडीचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. हेतू चांगला आहे, पण लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी हे उघड्या गवताळ रानाचे रहिवासी. तिथे झाडे दाटली की त्यांचा अधिवासच जातो. सरकारी नोंदींत मात्र अशी बरीच जमीन ‘पडीक’ ठरलेली आहे. सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यात 1979 साली माळढोकसाठी अभयारण्य घोषित झाले. आज तिथे हा पक्षी जवळपास दिसेनासा झाला असून, उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात जैसलमेरच्या आसपास आहेत.

कुठे काय लावावे आणि कुठे काहीच लावू नये, हे ठरवायला आधी माहिती हवी. ती गोळा करू शकणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत आहेत. त्यांना लागतो तो प्रवासखर्च, गावात राहण्याची सोय आणि फार तर एखादा स्वयंचलित कॅमेरा. खरी अडचण वेळेची आहे. गवतांची नेमकी ओळख पटते फुलोऱ्यावरून, म्हणजे बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. पदव्युत्तर प्रकल्प मात्र अनेक ठिकाणी शेवटच्या सत्रात, जानेवारीनंतर सुरू होतात. तोवर माळ वाळून, चरून गेलेला असतो!

वनविभागाने लागवडीच्या निधीतला छोटासा वाटा विद्यापीठांमार्फत अशा अभ्यासासाठी राखावा, तो जूनमध्येच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि निदान तीन पावसाळे तोच माळ पाहता येईल अशी शिष्यवृत्ती ठेवावी. अवर्षणप्रवण भागात एका हंगामाच्या नोंदींवरून फारसे काही ठरवता येत नाही.

– वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक, बारामती