बँकेचे पासबुक म्हणजे किर्द नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या चोपडीवर हळदकुंकू वाहायचे आणि मार्च उजाडेपर्यंत तिचे पान उलटायचे नाही, ही रीत आपल्या नाशकात सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपपासून घरगुती मसाल्याच्या उद्योगापर्यंत रुळू लागली आहे. ‘सगळे पैसे फोनवरच येतात, स्टेटमेंट काढले की हिशेब झाला,’ असे नवे व्यावसायिक सांगतात. हिशेब लिहिण्यातच नोकरी गेलेल्या माझ्यासारख्याला याचीच धास्ती वाटते. कारण पैसा आला आणि गेला एवढेच स्टेटमेंट सांगते, तो कशापोटी हे सांगत नाही.

समजा, पंचवटीतील एका गृहिणीने बचतीतले १,००,००० रुपये आणि मुद्रा योजनेच्या शिशु गटातील ५०,००० रुपयांचे कर्ज घेऊन मसाला कांडपाचा व्यवसाय सुरू केला. बँकेत दीड लाख जमा दिसतील, पण त्यात एक रुपयाही उत्पन्न नाही. किर्दीत, म्हणजे व्यवहारांच्या रोजच्या नोंदवहीत, पहिल्या रकमेसाठी बँक खाते नावे (डेबिट) व भांडवल खाते जमा (क्रेडिट), दुसरीसाठी बँक खाते नावे व कर्ज खाते जमा अशी नोंद हवी. गाळ्याची अनामत आणि कांडप यंत्राची किंमत हा खर्च नसून मालमत्ता आहे. यंत्रावर वर्षअखेरीस घसारा (वापराने किमतीत झालेली घट) तेवढा खर्ची पडतो. मिरची उधारीवर आणली, तर त्या दिवशी स्टेटमेंट कोरेच राहते, तरीही खरेदी खाते नावे आणि व्यापाऱ्याचे खाते जमा व्हायलाच हवे. कर्जाच्या हप्त्यातले व्याज खर्चात, मुद्दल कर्ज खात्यात.

खरी गफलत घरखर्चात होते. मुलाची फी धंद्याच्या खात्यातून भरली, तर ती उचल खात्याला, म्हणजे मालकाने स्वतःसाठी काढलेल्या रकमांच्या खात्याला, नावे पडली पाहिजे. ती ‘किरकोळ खर्चा’त ढकलली (आणि हे ‘किरकोळ’ खातेच पुष्कळदा सर्वांत फुगलेले असते) तर नफा विनाकारण घटतो. खतावणी करून (नोंदी खातेवार उतरवून) तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा बाकींचा तक्ता, मांडली तरी ही चूक पकडली जात नाही, कारण दोन्ही बाजू जुळतातच.

दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला प्राप्तिकरात अनुमानित उत्पन्नाची सवलत असल्याने वह्यांची गरज काय, असाही सवाल होतो. तेथे रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा गृहीत धरतात. ही सोय कर आकारणीपुरती आहे. मिरचीचा भाव चढल्यावर किलोमागे काही उरते का, हे त्या टक्केवारीतून कळणार नाही.

कर्ज देताना बँका प्रकल्प अहवाल मागतात आणि तो बहुधा दुसऱ्याकडून करून घेतलेला असतो. जिल्हा उद्योग केंद्राने प्रशिक्षणात महिनाभराची किर्द उमेदवाराच्या स्वतःच्या हाताने लिहून घ्यावी, आणि बँकांनी वाढीव कर्जाच्या अर्जासोबत मागील तीन महिन्यांची किर्द व तेरीज पाहावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस, नाशिक