नवी ड्राइव्ह न विकल्याबद्दल

दादा, स.न.वि.वि.

तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या गाळ्यावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा सांगू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर.

लग्नाचे अल्बम करणाऱ्याचं दुकान म्हणजे खरं तर एक एसएसडी, म्हणजे सगळे फोटो साठवणारी, चिपवर चालणारी ड्राइव्ह. कंपनीचं नवं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं, तिला चालवणारं सॉफ्टवेअर) टाकल्यावर माझी ड्राइव्ह सुसाट पळाली आणि काही आठवड्यांतच पुन्हा रखडायला लागली. यंदाच्या लग्नांचे फोटो झटकन उघडायचे, पण गेल्या सीझनच्या फोल्डरवर क्लिक केलं की नुसतं गोल फिरत बसायचं. हेल्पलाइनचं पाठ केलेलं उत्तर: टेस्टमध्ये स्पीड पूर्ण येतोय, विंडोज नव्याने टाका. बाजारातल्या दुसऱ्या एकाने तर "ही गेली" म्हणून नव्या ड्राइव्हचा भावच सांगितला.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "हळू काय उघडतंय? नवं की जुनं?"

ड्राइव्हचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क तुम्हीही चालवलंत. आकडा सेकंदाला पाचशे एमबीच्या वर गेला तसे तुम्ही हसलात. ती टेस्ट स्वतः एक ताजी फाइल लिहिते आणि तीच वाचून दाखवते. जुन्या फोटोंना हातही लावत नाही. मग एचडी ट्यून या दुसऱ्या प्रोग्रामने अख्खी ड्राइव्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती वाचून काढलीत. आलेखात वेगाची निळी रेघ वरून सरळ चालली होती ती मध्येच धाडकन तीस-चाळीसवर आपटली, तशीच सरपटत राहिली आणि पुढे पुन्हा वर चढली. त्या खड्ड्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "ही तुमची गेल्या वर्षीची लग्नसराई."

टीएलसी प्रकारच्या मेमरीच्या एका सेलमध्ये (डेटा साठवायच्या कप्प्यात) तीन बिट, म्हणजे विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखायच्या. डेटा पडून राहिला की भार थोडाथोडा सरकतो. मग कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हमधली कारभारी चिप, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत, चुका सुधारत बसतो. फोटो शाबूत असतात, फक्त वेळ खातात. हे मला इतक्या सोप्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. सॅमसंगच्या ८४० एव्होचं उदाहरणही तुम्हीच दिलंत: ऑक्टोबर २०१४ मध्ये दुरुस्तीचं फर्मवेअर आलं, तरी तक्रारी परत सुरू झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये दुसरं काढावं लागलं. ते जुना डेटा अधूनमधून आपणच ताजा करतं, पण ड्राइव्हला वीज मिळत असेल तरच. माझी ड्राइव्ह दुसऱ्या कंपनीची, दुखणं मात्र त्याच जातीचं.

आणि घाई केली नाहीत, त्याचे आभार वेगळे. आधी सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घेतलंत. कॉपी झाली म्हणून न थांबता मधलेच कुठलेतरी अल्बम उघडून बघितलेत. (एका नवरदेवाचा फेटा बघून तुम्हाला आलेलं हसू माझ्या लक्षात आहे.) ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं विंडोजने ड्राइव्हला कळवणं) चालू आहे का हे बघायला कमांड दिलीत, उत्तर शून्य आलं आणि मी घाबरलो, तेव्हा कळलं की तिथे शून्य म्हणजेच चालू. मग ड्राइव्ह फॉरमॅट करून डेटा नव्याने लिहिलात, स्लीप बंद करून मशीन रात्रभर तसंच ठेवलंत. सकाळच्या आलेखात खड्डा नव्हता. "हे कायमचं नाही हं," हेही तेव्हाच बजावलंत, नाहीतर पुढच्या वर्षी मी तुमच्याच नावाने खडे फोडले असते.

आता जुने अल्बम हार्ड डिस्कवर असतात, एसएसडीवर फक्त चालू काम, आणि थोडी जागा मोकळी.

बिलात तुम्ही फक्त मजुरी लावलीत, तीही कमीच. माझा एक फोटोग्राफर मित्र याच तक्रारीसाठी सोमवारी तुमच्याकडे येतोय. त्याला नवी ड्राइव्ह घ्यायची फार हौस आहे. आधी त्याला तो आलेख दाखवा, आणि पैसे नीट घ्या.

आपला,
अल्बमवाला