गेम स्वस्त केला, तरी क्रॅक का चालतो?

महोदय,

व्हिडिओ गेमच्या किमती उतरवल्या की पायरसी, म्हणजे चोरीच्या प्रती (कुलूप तोडलेली असेल तर 'क्रॅक') वापरणे, आपसूक थांबेल, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. मे २०१० मध्ये 'हम्बल इंडी बंडल' हा छोट्या स्वतंत्र निर्मात्यांच्या गेमचा संच आला. त्यातल्या गेमना नक्कल रोखणारे कसलेही कुलूप नव्हते आणि किंमत गिऱ्हाइकाने ठरवायची होती, एक सेंट दिला तरी चाले. तरीही 'वुल्फायर' या विक्रेत्या कंपनीच्या अंदाजाने सुमारे २५ टक्के डाउनलोड फुकट झाले. आता एका सेंटाच्या खाली किंमत ती किती उतरवणार?

पोलंडमध्ये १९९९ साली वेगळे घडले. 'सीडी प्रोजेक्ट' या वितरक कंपनीने 'बाल्डर्स गेट' पोलिशमध्ये आणला. गेम पाच सीडींचा. चोरबाजारात भाव सीडीमागे, त्यामुळे नक्कलही महाग पडे. अधिकृत पेटीत नकाशा, पुस्तिका, संगीताची सीडी, शिवाय नामवंत पोलिश नटांचे आवाज. पहिल्याच दिवशी १८ हजार प्रती गेल्या. चोरीच्या मालालाही किंमत होती, म्हणून तिथे दराचे गणित जमले. इंटरनेटवर फायली फुकट वाटणाऱ्या टॉरेंटशी दरात स्पर्धाच होत नाही. युरोपीय आयोगासाठी 'इकोरिस' या संशोधन संस्थेने केलेला आणि २०१७ मध्ये उजेडात आलेला अभ्यासही हेच सुचवतो: फुकटे जेवढे पैसे द्यायला तयार होते त्याहून चित्रपटांचे दर जास्त होते, गेमचे साधारण तेवढेच होते, म्हणजे दर हलवून गेमच्या पायरसीत फारसा फरक पडू नये.

सवलतीची वेळही चुकते. 'डेनुवो' हे नक्कलविरोधी कुलूप लावलेल्या गेमवरच्या २०२४ च्या अभ्यासानुसार पहिल्याच आठवड्यात क्रॅक आला तर सरासरी २० टक्के महसूल बुडतो. १२ आठवड्यांनंतर आला तर जवळजवळ काहीच नाही. घसघशीत सूट मात्र बहुधा वर्ष उलटल्यावर मिळते.

भारतापुरते बोलायचे तर नोव्हेंबर २०१५ मध्ये 'स्टीम' या ऑनलाइन गेम-दुकानात दर रुपयांत आले, पुढे यूपीआयही. माझ्या मते सवलतींपेक्षा याचा उपयोग मोठा. तिथे दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, म्हणजे 'आधी क्रॅक लावून बघू' ही सबबही उरत नाही. अडते ते डेटावर. १२० जीबीचा गेम रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर उतरवायला ८० दिवस. मित्राच्या हार्ड डिस्कवरून तासाभरात. स्टीमने २०२३ पासून एकाच नेटवर्कवरच्या दोन संगणकांत गेम थेट हलवण्याची सोय दिली आहे, पण ती फारशी कुणी वापरताना दिसत नाही. क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद करणारे मात्र ढीगभर. अशाच गेममधून पसरलेले, गुपचूप आभासी चलन खोदणारे 'क्रॅकोनॉश' हे घातक सॉफ्टवेअर २०२१ मध्ये 'अवास्ट' या अँटिव्हायरस कंपनीने उघड केले होते.

देशागणिक स्वस्त दर ठेवण्यात एक धोका आहे: परदेशी ग्राहक त्यात घुसतात. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात चलन कोसळत होते, त्यात ही घुसखोरी; नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने तिथले दर डॉलरमध्ये नेले आणि स्थानिक खेळाडू भरडले गेले. म्हणून खात्याचा देश पैसे भरण्याच्या साधनावरून ठरवावा. नुसत्या आयपी पत्त्यावर (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावर) विसंबले, तर दुसऱ्या देशाचा पत्ता दाखवणारा एक व्हीपीएन पुरतो.

– एक वाचक, पुणे