डेम्बाच्या पाठीचा फोटो काढ

रॉटरडॅम,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजू,

तुझं पत्र आणि दसऱ्याचे फोटो पोचले. राजवाड्यावरचे दिवे, चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांवर धापा टाकत बसलेले भाऊजी, सगळं सावकाश बघितलं. म्हैसूरच्या झूमधल्या त्या एका फोटोवर मात्र मी अडकले. तिथल्या दोन गोरिलांपैकी थोरला थाबो गवतात पाठमोरा बसलेला (धाकटा तो डेम्बा), आणि खाली तुझं वाक्य: "दोघेही नर. जर्मनीहून एवढ्या लांब आणले आणि एकालाही बायको नाही. निदान एक तरी मुलगी बघायची होती गं!"

अगं, निवृत्त झालीस तरी तुझी ती स्थळांची वही काही सुटत नाही. मिरजेत निम्म्या गल्लीची लग्नं तू जुळवलीस, आता गोरिलांवर नजर गेली. पण या विषयावर तुला उत्तर देता येईल इतपत माहिती माझ्याजवळ साठली आहे. २०१५ साली नातीला सांभाळायला मी इथे आले, तेव्हा सूनबाईने आम्हा दोघींना ब्लायडॉर्प या इथल्या प्राणिसंग्रहालयाचा वार्षिक पास काढून दिला. नात आता फुटबॉल खेळते आणि मंगळवारी गोरिलांसमोरच्या बाकावर मी एकटीच जाऊन बसते. तिथल्या स्वयंसेवकांना प्रश्न विचारून विचारून मी भंडावून सोडलंय.

तर ऐक. त्या दोघांना बायको द्यायची राहून गेलेली नाही. मुद्दामच दिलेली नाही.

गोरिलाच्या कुटुंबात एक मोठा नर असतो. बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात, म्हणून त्याला सिल्व्हरबॅक म्हणतात. त्याच्याबरोबर तीन-चार माद्या आणि त्यांची पोरं. पण जन्माला येताना मुलगे आणि मुली निम्मे निम्मेच येतात. म्हणजे एका नरापाशी चार माद्या नांदल्या, तर उरलेले तीन नर जायचे कुठे? आफ्रिकेच्या जंगलात ते वयात आले की घर सोडतात, वर्षानुवर्षं एकटे भटकतात, आणि कित्येकांना कुटुंब कधीच मिळत नाही. झूमध्ये भटकायला जंगल नाही. सोळा-सतरा वर्षांचा दीडशे किलोहून जास्त वजनाचा मुलगा बापासमोर उभा राहिला तर काय होईल, तूच विचार कर.

त्यामुळे आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, तसं इथे उलटं आहे. गोरिलाला मुलगी झाली की खरे पेढे. मुलगा झाला की आनंद असतोच, पण कोणीतरी त्याच दिवशी आठ वर्षांनंतरचा हिशेब मांडायला बसतं.

हा हिशेब ठेवणारी वहीही आहे, अगदी तुझ्या वहीसारखी. जगभरच्या झूंमधल्या गोरिलांची वंशावळ जर्मनीत फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयात ठेवतात. कोण कोणाचा मुलगा, कोण कुठे जन्मला, कोण कुठे मेला, सगळी नोंद. युरोपातल्या चारशेहून अधिक गोरिलांची स्थळं एकत्र बसून ठरवली जातात. पत्रिकेत गोत्र बघतात तसं इथे रक्ताचं नातं बघतात. आता जंगलातून गोरिला आणत नाहीत, आधीच आलेले जे थोडे पूर्वज त्यांच्यावरच सगळा वंश चालवायचा आहे, म्हणून ज्याचे नातेवाईक कमी त्याचं स्थळ भारी. आणि देण्याघेण्याची भानगड नाही. जनावर विकत घेत नाहीत की विकत नाहीत, ज्या झूची गरज असेल तिथे पाठवतात. हुंड्याशिवाय मध्यस्थी करणारी तू एकटीच नव्हेस म्हणजे.

मुली आठ-नऊ वर्षांच्या झाल्या की माहेर सोडतात. जंगलातही गोरिलाच्या मुली कळपातून निघून दुसऱ्या नराकडे जातात, आणि तो पसंत पडला नाही तर तिसऱ्याकडे. (हे वाचून तुझ्या चष्म्यावरून वर आलेल्या भुवया मला इथून दिसल्या.) झूमध्ये त्यांना तेवढी मोकळीक नाही, म्हणून निवड माणसं करतात. आणि पोर कधी हवं हेही माणसंच ठरवतात. आपल्या बायका घेतात त्याच गर्भनिरोधक गोळ्या गोरिलांनाही चालतात. पाळीचं चक्रही आपल्यासारखंच, महिन्याच्या आसपास. गरोदर आहे का हे बघायला औषधाच्या दुकानातली पट्टी चालते. साडेआठ महिन्यांनी दोन किलोचं पोर, आणि पुढचं साधारण चार वर्षांनी.

मुलग्यांचं मात्र अवघड. एक उपाय म्हणजे ब्रह्मचाऱ्यांचा वाडा. पाच-सहा तरुण नर एकत्र ठेवायचे, शक्यतो लहानपणापासूनच, म्हणजे कोणाचं कोणावर चालतं हे आपसात आधीच ठरून जातं. अट एकच, मादी दृष्टीस पडता कामा नये, तिचा वासही येता कामा नये. एक मादी आली की भावाभावांत रक्त निघालंच. स्पेनच्या टेनेरीफ बेटावर असा एक वाडा आहे, अमेरिकेतही आहेत. तुझे थाबो आणि डेम्बा म्हणजे तसाच दोघांचा वाडा. तू म्हणतेस तशी एक मुलगी आणून सोडली असती, तर पुढच्या दसऱ्याला तुला एकच गोरिला दिसला असता.

दुसरा उपाय इथे काही ठिकाणी करून बघतायत आणि तो मला पचायला जड गेला. लहान असतानाच मुलग्याचं खच्चीकरण करतात. म्हणजे तो रुपेरी होत नाही, बापाला त्याच्यात स्पर्धक दिसत नाही, आणि त्याला आईजवळ कळपात राहता येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाकावरून उठून घरी गेले. नंतर वाटलं, आपण बैलाच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या हेच केलं, तेव्हा कोणी बाकावरून उठलं नाही. तरी अजून मन घेत नाही. तुला काय वाटतं ते लिही.

एकट्याने राहणं मात्र सगळ्यात वाईट, याबद्दल आता कोणाचं दुमत नाही. म्हैसूरचा जुना पोलो तुला आठवत असेल, आयर्लंडहून आलेला. देशातला एकुलता एक गोरिला म्हणून सगळे कौतुकाने बघायला जायचे, आणि तो २०१४ साली एकटाच गेला. अमेरिकेत अटलांटाच्या विली बी. या गोरिलाने तर १९६१ पासून सत्तावीस वर्षं बंद पिंजऱ्यात काढली. सोबतीला टायरचा झोका आणि टीव्ही. १९८८ साली त्याला पहिल्यांदा उघड्यावर, गवतावर सोडलं, मग माद्यांशी ओळख करून दिली. पस्तिशी ओलांडल्यावर तो बाप झाला, आणि २००० साली मेला तेव्हा पाच पोरांचा बाप होता. ही गोष्ट मी नातीला सांगितली तर ती म्हणाली, "आजी, टीव्हीवर तो काय बघायचा?" मला काही सुचलं नाही.

आणि टिमीची गोष्ट तर खास तुझ्यासाठी. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या झूमध्ये टिमी आणि केट हे गोरिला एकमेकांशी छान रमले होते, पण तिला मूल होणार नव्हतं. वहीवाल्यांनी टिमीला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये पाठवायचं ठरवलं. लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं. १९९१ साली तो गेलाच, आणि तिथे त्याला तेरा पोरं झाली. वहीच्या बाजूने बघितलं तर निर्णय शंभर टक्के बरोबर. मी मात्र केटच्या बाजूने रडून घेतलं.

आता आमच्या ब्लायडॉर्पच्या बोकिटो गोरिलाचं सांगते, त्याच्यामुळे तर मला हे वेड लागलं. तो बर्लिनला जन्मला आणि आईने नाही, माणसांनी बाटलीवर वाढवला. पूर्वी ही सर्रास पद्धत होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची गोमा, १९५९ साली युरोपात जन्मलेली पहिली गोरिला, झूच्या संचालकांच्या घरात वाढली. पण अशा पोरांना आपण गोरिला आहोत हेच उशिरा कळतं, आणि त्या मुली आई झाल्या की पोराला कसं धरायचं ते त्यांना येत नाही. पाहिलेलंच नसतं ना. म्हणून आता आईने पोर टाकलं तरी शक्यतो कळपातल्याच दुसऱ्या मादीच्या कुशीत देतात. इकडे एक बाई बोकिटोला बघायला आठवड्यातून कितीतरी वेळा यायची, डोळ्यांत डोळे घालून हसायची. तिला वाटायचं आपलं नातं जुळलंय. गोरिलाच्या भाषेत टक लावून बघणं आणि दात दाखवणं म्हणजे आव्हान. १८ मे २००७ला तो पाण्याचा खंदक ओलांडून बाहेर आला आणि तिला फरफटत नेलं. ती वाचली, हाडं बरीच मोडली. त्यानंतर एका विमा कंपनीने डोळे बाजूला बघतायत असं दिसणारे कागदी चष्मे वाटले, आणि 'बोकिटोप्रूफ' (म्हणजे बोकिटोलाही दाद न देणारं, एवढं पक्कं) हा डच भाषेत त्या वर्षीचा शब्द ठरला. मी त्याला आठ वर्षं बघितलं, नेहमी तिरप्या नजरेने, नव्या सुनेसारखं. २०२३च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा त्या बाकावर लोक फुलं ठेवून गेले.

घरातला कर्ता गेला की तिथेही गोंधळ होतो. नवा नर आणला तर आधीच्याची तान्ही पोरं तो मारू शकतो, जंगलात हे घडतं. म्हणून आधी नुसता आवाज आणि वास, मग जाळीआडून भेट, मग एकेका मादीशी, आणि शेवटी दार उघडायचं. आठवडे, कधी महिने लागतात. तू दोन चहापोह्यांत उरकतेस ते काम.

एक काम कर. २०२१ साली आणला तेव्हा डेम्बा आठ वर्षांचा होता, म्हणजे आता बारा. थाबो तर अठराचा. धाकट्याची पाठ आता रुपेरी व्हायला लागली असेल, आणि दोन सिल्व्हरबॅक एका अंगणात हीच खरी परीक्षा. तुझी भाची म्हैसूरलाच आहे ना? तिला पाठव आणि डेम्बाच्या पाठीचा फोटो काढायला सांग. दोघं जवळ बसतात की लांब, खाणं आलं की आधी कोण उठतो, तेही बघायला सांग. आणि हो, डोळ्यांत बघायचं नाही म्हणावं.

भाऊजींच्या गुडघ्यांना तेल लाव. कांदा-लसूण मसाला संपत आलाय, कोणी येणार असेल तर पाठव.

तुझीच,
शुभा